सरूचा रकाना

तिला ऑफिसात सगळे नाकमुरडी म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. तोंडावर ‘बाई’, पाठ वळली की नाकमुरडी. तिची त्याला हरकत नव्हती, कारण नाव खोटं नव्हतं. बसमधला दांडा ती रुमाल मध्ये घेऊन धरायची. कोणी शिंकलं की त्या खोलीत पुढची दहा मिनिटं पाऊल टाकायची नाही. पाहुण्यांनी घरातल्या टॉवेलला हात पुसले तर टॉवेल उकळत्या पाण्यात जायचा, आणि पाहुणे अजून जिन्यातच असायचे. जेवताना बोलणारी माणसं, बोलताना खाणारी माणसं, बोटाला थुंकी लावून कागद उलटणारी माणसं, अशी तिची एक लांबलचक यादी होती आणि त्या यादीत नसलेलं माणूस सापडणं कठीण होतं.

अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते हवेतली घाण मोजायचं. तेही बावीस वर्षं.

आरोग्य खात्याच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर एक यंत्र होतं. दिसायला लहानसं पिंप, मागे वाऱ्याबरोबर फिरणारी पत्र्याची शेपटी, पोटाला एक बारीक फट. त्या फटीतून ते हवा आत ओढायचं, माणूस बसल्याबसल्या ओढतो साधारण तेवढीच. आत एक चकती हळूहळू फिरत असे. तिच्यावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी असे आणि हवेतून जे काही आत येईल ते त्या पट्टीवर बसे. आठवड्यातून एकदा, सोमवारी, नाकमुरडी गच्चीवर जाऊन जुनी पट्टी काढायची, नवी चढवायची. खाली येऊन जुनीचे सात दिवसांचे सात तुकडे कापायचे, एकेक काचेवर ठेवायचा, वर गुलाबी औषधाचा थेंब सोडायचा, झाकणकाच ठेवायची आणि भिंगाखाली मोजायला बसायचं. त्या औषधाने फुलांचे पराग तेवढे गुलाबी होत. बाकीचा कचरा आपापल्या रंगाचा राही.

आणि कचरा काय थोडा असतो? टायरच्या रबराचे काळे चुरे, बुरशीचे बीजकण, पतंगाच्या पंखावरची भुकटी, कसल्याशा किड्याची अख्खी तंगडी, माणसाच्या कातडीचे पापुद्रे. हे सगळं आपण दिवसभर आत घेतो आणि वर म्हणतो, काय छान हवा सुटलीय. एखाद्या संध्याकाळी शेजारीण बाल्कनीत उभी राहून छाती भरून श्वास घ्यायला लागली की नाकमुरडी आपली खिडकी लावून घ्यायची. आज काय काय त्या बाईच्या नाकात गेलं, त्याचा हिशेब तिच्या डोळ्यांसमोर असायचा.

मोजलेलं सगळं एका जाडजूड वहीत जाई. वहीत एकतीस रकाने, एकेका झाडाचा किंवा गवताचा एकेक, आणि शेवटचा ‘इतर’. मंगळवारी त्या आठवड्याचे आकडे कागदावर काढून इस्पितळाच्या फाटकाजवळच्या काचेच्या फळ्यात लावायचे, म्हणजे ज्यांना त्रास होतो त्यांनी गोळ्या घ्याव्यात, खिडक्या बंद ठेवाव्यात. रकान्यांची नावं तिच्या आधीच्या सरांनी घातलेली होती. सर मोठे टापटिपीचे. तिचा पहिला दिवस होता तेव्हा त्यांनी तिला भिंगाखाली एक पराग दाखवला. गोल, पातळ सालीचा, वर ना नक्षी ना चीर, आत चांदणीच्या आकाराचा ठिपका.

“हा सरू,” सर म्हणाले. “मोरपंखीही असू शकेल, नाहीतर त्यांच्या घरातला आणखी कोणी. ही भावंडं भिंगाखाली वेगळी ओळखू येत नाहीत, कोणालाच येत नाहीत. तेव्हा सगळी सरूच्या रकान्यात घालायची आणि डोक्यात ठेवायचं.”

तिने मान डोलावली. पुढे सर निवृत्त झाले, मग गेले. वही राहिली. वहीत काय होतं, तर ‘सरू’. डोक्यात ठेवायचं ते डोक्यात होतं, आणि डोक्यातल्या गोष्टींना रकाना नसतो.

तिच्या लग्नाची गोष्ट ऑफिसात अजून सांगतात. प्रयोगशाळेतलं बेसिन तुंबलं होतं आणि ते मोकळं करायला नळवाला आला. त्याने हात घालून आतून केसांचा आणि गुलाबी चिकट्याचा एक गोळा बाहेर काढला. ती दारात तोंडाला रुमाल लावून उभी. काम झाल्यावर त्या माणसाने कोपरापर्यंत साबण लावून तीनदा हात धुतले, पिशवीतून स्वतःचा चौघडी घातलेला पांढरा टॉवेल काढला, पुसले, आणि टॉवेल परत चौघडी घालून वेगळ्या पिशवीत ठेवला. बाईंचं जे काही व्हायचं होतं ते त्या वेगळ्या पिशवीपाशी झालं. सहा महिन्यांत लग्न. तो आयुष्यभर लोकांच्या गटारांत हात घालत आला आणि घरात ती त्याच्याच हातचं निःशंकपणे खायची. तो कधी कधी म्हणायचा, “माझी घाण धुतली की संपते. तुझी कधीच संपत नाही बघ.” ती म्हणायची, नाकाने कांदे सोलू नकोस.

त्यांना एकच लेक. ती लहानपणापासून थंडी सरत आली की शिंकायची, मग खोकायची, मग रात्रंदिवस छातीत शिटी वाजायची. सहा वर्षांची असताना तिने शाळेत मैत्रिणीच्या डब्यातला पीच खाल्ला आणि ओठ भाकरीसारखे फुगले. डॉक्टरांनी हातावर टोचून चाचण्या केल्या. सरूच्या जागी मोठी लाल गांध उठली, पीचच्या जागी त्याहून जरा लहान. नाकमुरडीने विचारलं, झाडाच्या परागाचा आणि फळाचा काय संबंध? डॉक्टर हसतमुख होते. ते म्हणाले, शरीरातला पहारेकरी चोराचा चेहरा बघत नाही, सदरा बघतो. सरूच्या परागात एक प्रथिन असतं, तशाच घडणीचं एक पीचमध्येही असतं. पहारेकऱ्याला सदरा ओळखीचा वाटतो आणि तो दंडुका उगारतो. आणि सरूच्या भावकीत तर विचारूच नका, तिथे सगळ्यांचे सदरे एकाच शिंप्याकडचे.

हे तिने घरी येऊन नवऱ्याला शब्दन्‌शब्द सांगितलं. त्या दिवसापासून पंधरा वर्षं त्या घरात पीच आला नाही. जॅम आला नाही, रस आला नाही, पीचचा वास असलेला साबण एकदा कोणी भेट दिला तो तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून खाली कचऱ्यात टाकला आणि मग हात धुतले.

लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. दुकान इस्पितळाच्या रस्त्यावर. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वाशे सरू उभे होते, जुने, उंच, आणि थंडी सरताना त्यांच्यावरून पिवळा धूर उडायचा. दमेकऱ्यांनी इस्पितळात यायचं आणि दारातच आणखी दमा घेऊन आत शिरायचं. नाकमुरडीच्या फळ्यावरचा सरूचा आकडा दरवर्षी त्या महिन्यात इतर सगळ्यांना मागे टाकायचा. लोक तक्रारी करकरून थकले, वर्तमानपत्रात आलं, शेवटी ठरलं की सरू तोडायचे. त्यांच्या जागी काय लावायचं? रोपवाटिकेवाल्याकडे पुरुषभर उंचीची मोरपंखीची झाडं तयार होती. हिरवीगार, दाट, भराभर वाढणारी. उद्यान अधीक्षकांना ती पसंत पडली. नियमाप्रमाणे एक अर्ज नाकमुरडीच्या टेबलावर आला. त्यात एकच प्रश्न: हे झाड त्रासदायक परागांच्या नोंदीत आहे काय?

अर्ज घेऊन अधीक्षक स्वतः आले. आणि येताना सर्दी घेऊन आले.

काय सर्दी ती. नाक एकसारखं गळतंय. ते वर ओढण्याचा आवाज, मग घशातून खाकरण्याचा आवाज, मग ते जे काही आलं ते गिळण्याचा आवाज. अधीक्षकांनी तळहाताने नाक पुसलं आणि त्याच हाताने तिची वही जवळ ओढायला गेले. तिने वही छातीशी धरली. भराभरा पानं उलटली. मोरपंखी नावाचा रकाना नव्हता. ‘इतर’मध्येही मोरपंखी नव्हती. बावीस वर्षांत एकदाही नाही. अधीक्षक पुन्हा शिंकले, या वेळी हात न लावता, आणि एक थेंब टेबलाच्या काचेवर, अर्जापासून वीतभर अंतरावर पडला. तो तिथे चकाकत राहिला.

तिने लिहिलं: ‘गेल्या बावीस वर्षांच्या नोंदीत या झाडाचे पराग आढळलेले नाहीत.’ सही केली. अधीक्षकांनी पुढे केलेलं पेन तिने घेतलं नाही, स्वतःचं वापरलं. सगळं मिळून चार मिनिटं. अधीक्षक गेले, तिने काच स्पिरिटने तीनदा पुसली, खिडकी उघडली आणि दहा मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिली. त्या चार मिनिटांत तिला एकच गोष्ट हवी होती, तो माणूस खोलीतून जायला हवा होता.

पहिल्या थंडीत मोरपंखी नुकतीच रुजत होती. फळ्यावर सरूचा आकडा जेमतेम दोन-चार. खात्याचे साहेब फाटकापाशी भाषण ठोकून आले, फोटो निघाला. हे साहेबही तिच्या यादीत वरच्या नंबरावर होते. बोलता बोलता ते पेनाचं टोपण कानात घालून फिरवायचे आणि बाहेर काढून टोकाला काय लागलंय ते निरखायचे. निरखून झालं की टोपण पेनाला.

त्या उन्हाळ्यात लेकीने घर बदलायचं ठरवलं. दुकानासमोरच, इस्पितळाच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. इतकी वर्षं त्या रस्त्यावर राहायचा विचारही शक्य नव्हता. आता सरू गेले होते, खिडकीखाली मोरपंखीची हिरवी रांग. लेक खोल्या बघून आली, आईसमोर बसली आणि तिने एवढंच विचारलं.

“आई, ती नवी झाडं तू तपासलीस ना?”

“तपासली,” नाकमुरडी म्हणाली.

लेक दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन आली.

दुसरी थंडी सरत आली तसा भिंगाखाली सरू पुन्हा दिसायला लागला. आधी चाळीस, मग एकशेदहा, मग तीनशेच्या वर. शहरात सरू औषधालाही उरला नव्हता आणि रकाना मात्र भरून वाहत होता. नाकमुरडीला वाटलं, बाहेरच्या बागांमधून येत असणार. लोकांना नाही ती झाडं लावायची खोड असते, लावतात आणि मग जगाला त्रास. तिने मनातल्या मनात त्या अज्ञात बागवाल्यांना शिव्या घातल्या. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की सरू तोडले हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि तुम्ही फळ्यावर सरू तीनशे लावता, हे बरं दिसत नाही. तो रकाना बंद करा आणि आकडा ‘इतर’मध्ये घाला. ती म्हणाली, जे दिसतं ते मी लिहिते. साहेबांनी टोपण कानात घातलं. ती बाहेर आली ती ताठ मानेने. आकड्याला मी कधी हात लावला नाही, याचा तिला केवढा अभिमान. आकडा खरा होता, एवढ्यावर ती खूश होती. तो कोणाचा, हे तिने विचारलंच नाही.

लेक फोनवर खोकत असायची. दुकानात एसी आहे, म्हणायची. आई म्हणायची, तो एसी कधी साफ करतात का ते विचार, आत काय काय असतं तुला माहीत नाही. नवऱ्याने एकदा म्हटलं, जाऊन बघून येऊ या. तिने म्हटलं, रविवारी जाऊ.

रविवारी सकाळी लेकीचाच फोन आला. ती बोलत होती आणि दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबत होती. तिसऱ्या थांबण्यानंतर शब्द आलेच नाहीत, नुसती शिटी आली. नवरा-बायको टॅक्सीने पोचली तेव्हा लेक जिन्यात बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर, ओठ निळसर. इस्पितळ तिथून दोनशे पावलांवर. टॅक्सी फाटकासमोरच्या गर्दीत अडकली म्हणून नवऱ्याने लेकीला उचललं आणि पायीच निघाला. फुटपाथ अरुंद, कोणी वर्षभर न छाटलेली मोरपंखी आडवी पसरलेली. तो झाडांना खांदा घासत, फांद्या बाजूला सारत चालला होता आणि मागून येणाऱ्या बायकोला म्हणाला, “अगं, या झाडांतून धूर निघतोय.”

तिने बघितलं. त्याचा खांदा लागेल त्या फांदीतून पिवळा धूर भसाभस बाहेर पडत होता आणि लेकीच्या उघड्या तोंडावरून पुढे जात होता.

आत नेल्यावर लेकीच्या तोंडावर मास्क बसवला, त्यातून औषधाची वाफ सुरू झाली, हातात सुई गेली. तासाभराने डॉक्टर म्हणाले की धोका टळलाय, पण दोन-तीन दिवस ठेवावं लागेल. नवरा बाकावर बसला. त्याच्या निळ्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत पिवळी झाली होती. नाकमुरडी त्या बाहीकडे बघत राहिली. मग तिने पर्समधून बसचा पास काढला, त्याच्या कडेने बाहीवरची भुकटी खरवडून एका कागदात घेतली आणि कागदाची पुडी केली. नवरा इतका दमला होता की ही कसली पुडी, हे विचारायचं त्याच्या लक्षातही आलं नसेल.

ऑफिस रविवारी बंद असतं, पण प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडे होती. तिने काचेवर भुकटी टाकली, गुलाबी थेंब सोडला, झाकणकाच ठेवली आणि डोळा लावला. गोल. पातळ सालीचे. ना नक्षी, ना चीर. आत चांदणी. शेकडो, एकमेकांना चिकटून. बाजूच्या ट्रेमध्ये गेल्या आठवड्याच्या काचा होत्या, त्यातली एक काढून तिने बघितली. तेच. पुन्हा बाहीची बघितली. तेच. पहिल्या दिवशीचा सरांचा तो आवाज तिला आत्ता ऐकू आला. मोरपंखीही असू शकेल. डोक्यात ठेवायचं.

म्हणजे मोरपंखीची नोंद वहीत नव्हती असं नव्हतंच. बावीस वर्षं होती. तिनेच केलेली होती, स्वतःच्या हाताने, सरूच्या रकान्यात.

तिने फायलीतून तो अर्ज काढला. खाली तिची सही, वळणदार, स्वतःच्या स्वच्छ पेनाने केलेली. तिला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची किळस आली होती, पण ती नेहमी बाहेरून यायची आणि स्पिरिटने पुसता यायची. ही त्या कागदावर होती आणि तिच्या हातात होती. ती बेसिनपाशी गेली आणि ओकली. नंतर बेसिन धुतलंही नाही.

सोमवारी तिने पट्टी बदलली, आठवड्याचे सात तुकडे मोजले आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही. ते म्हणाले की बाई, झाडं दीडशे आहेत, रोपवाटिकेशी करार आहे, आणि अर्जावर सही तुमची आहे. बोभाटा केलात तर पहिल्या तुम्हीच अडकाल. थंडी आता संपलीच. आकडा ‘इतर’मध्ये घाला, लोक गोळ्या घेतील, पुढच्या वर्षी छाटून घेऊ.

“माझी लेक आहे इस्पितळात,” ती म्हणाली.

“मग तर तिला हे कळू नये असंच तुम्हाला वाटेल,” साहेब म्हणाले आणि टोपण कानातून काढून त्याचं टोक बघितलं.

तिला त्या माणसाची शिसारी आली. पण त्याहून वाईट हे, की त्याने जे म्हटलं ते तिच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. रविवारी प्रयोगशाळेतून परत इस्पितळात जाताना, जिना चढताना, तिने अगदी हाच विचार केला होता: तिला कुठे कळणार आहे? आणि आत जाऊन तिने लेकीला सांगितलं होतं की एसीमुळे झालं असेल.

ती टेबलाशी येऊन बसली. वही उघडली. सरांच्या टापटिपीच्या अक्षरात वर लिहिलं होतं ‘सरू’. त्यावर तिने फूटपट्टी ठेवून आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘सरू, मोरपंखी आणि त्यांची सगळी भावकी’. मग मंगळवारचा कागद केला. आकडा लिहिला, चारशे बारा. खाली लिहिलं: ‘इस्पितळाच्या रस्त्यावरची मोरपंखीची झाडं याच कुळातली आहेत. ज्यांना सरूचा त्रास आहे त्यांना यांचाही होतो. ही झाडं लावण्यापूर्वी त्यांचे पराग नोंदीत आढळले नसल्याचं मी लिहून दिलं होतं. ते चूक होतं. लागण झालेल्यांनी’... इथे ती थांबली. लागण हा शब्द तिच्या हातून आपोआप आला होता, जगातलं सगळं तिला लागणच वाटायचं. तिने तो खोडला आणि ‘त्रास होत असलेल्यांनी या रस्त्याने जाऊ नये’ असं लिहून सही केली.

मंगळवारी सकाळी तिने कागद फळ्यात लावला आणि क्षणभर बाजूला उभी राहिली. एक जाडा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून वाचायला पुढे झाला, अर्ध्यावर आला आणि फळ्याच्या काचेवरच फटकन शिंकला. मग बाहीने काच पुसली आणि पुढे वाचायला लागला. साहेबांना कागदाचं कळायला फार तर तासभर लागणार होता. ती आत गेली.

लेक उशीला टेकून बसली होती. मास्क हनुवटीखाली ओढलेला, चेहरा उतरलेला, नाक लाल. बाबा चहा आणायला गेले होते. खिडकी बंद होती आणि काचेपलीकडे मोरपंखीचे शेंडे हलत होते. आईला बघून लेक म्हणाली, “एसीवाला बोलावलाय दुकानात. आज साफ करून घेतील.”

“एसी नाही,” नाकमुरडी म्हणाली आणि कॉटच्या कडेला बसली. इस्पितळाच्या कॉटवर ती कधी बसत नसे.

“ती खालची झाडं. सरूचीच भावंडं आहेत ती.”

लेकीने खिडकीकडे बघितलं. मग आईकडे. “तू तपासली होतीस ना?”

“मी वही तपासली होती,” ती म्हणाली. “झाड नाही. आणि वहीही नीट नाही. समोर तो अधीक्षक बसला होता, त्याचं नाक गळत होतं. मला तो खोलीतून जायला हवा होता. म्हणून सही केली.”

बाहेर कोणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली. लेकीच्या छातीतली शिटी तेवढी ऐकू येत होती, आता बारीक झालेली.

“पंधरा वर्षं घरात पीच येऊ दिला नाहीस,” लेक शेवटी म्हणाली. “साबणसुद्धा.”

नाकमुरडी हात मांडीवर घेऊन बसून राहिली. लेकीला शिंक आली, तिने मान वळवायचा प्रयत्न केला पण सुईचा हात अडकला आणि शिंक आईच्या हातावर आली, सगळी, मनगटापासून बोटांपर्यंत. सवयीने लेकीनेच घाईघाईने बाजूचा कागदी रुमाल उचलून तिच्यापुढे केला.

आईने तो घेतला आणि लेकीचं नाक पुसलं. आधी एक नाकपुडी, मग दुसरी, लहानपणी कधीच पुसलं नव्हतं तसं सावकाश. लहानपणी ते काम बाबांचं होतं. लेकीने पुसू दिलं, पण ती आईकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. आईचा हात ओला होता तो तसाच राहिला.